सात अर्धी वर्तुळं

रिकाम्या तलावाच्या तळाशी आप्पांची खुर्ची ठेवली तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते. त्यांना आणायचं खरं तर ठरलंच नव्हतं. पण रविवार, दुकानं बंद, घरातले सगळेच निघालेले. त्र्याऐंशी वर्षांच्या माणसाला एकटं कसं ठेवायचं म्हणून त्यांच्या सुनेने, वहिनीने, भीत भीत विचारलं, तर म्हातारा बूट घालून तयारच बसलेला. “मी काय छत्री आहे, कोपऱ्यात उभी करून जायला?” असं म्हणत ते गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसलेसुद्धा. वाटेत एकदाच बोलले, “बघणार मात्र नाही हं मी काही. नुसता बसेन.”

या वाक्याचा अर्थ घरात सगळ्यांना ठाऊक होता. लेकीची चित्रं आप्पा बघत नसत. अठ्ठावीस वर्षांपूर्वी तिच्या पहिल्या प्रदर्शनात, माणसांनी भरलेल्या दालनात, ते तिसऱ्या चित्रापाशी थांबले आणि वळून सरळ जिना उतरून गेले. चाळीस वर्षं जमिनी मोजलेला माणूस. “यात काय बघायचं? ना शेंडा ना बुडखा,” एवढंच दारात म्हणाले, पण ते ऐकायला नेमकी भिंगरीच मागे उभी होती. त्यानंतर दोन वर्षं तिने ब्रशला हात लावला नव्हता.

भिंगरी हे तिचं लहानपणचं नाव, एका जागी ठरत नसे म्हणून पडलेलं. आता ती पंचावन्न वर्षांची होती, केस अर्धे पांढरे, कोपरापर्यंत रंग. पण परांचीवर अशी सरसर चढत होती की खाली उभ्या असलेल्या दोघा रंगाऱ्यांना तिच्याकडे बघवत नव्हतं.

“वहिनी, आलीस? बघ, कालचा निळा वाळून कसा उतरलाय!” ती वरूनच ओरडली. “आणि आप्पांना कशाला तळाशी बसवलंस? वर काठावर बसव ना, सावलीत!”

“मला इथंच बरं आहे,” आप्पा म्हणाले आणि मुद्दाम खुर्ची फिरवून भिंतीकडे पाठ करून बसले.

भिंत मोठी होती. पंचवीस मीटर लांब, शहराच्या या नव्या पोहण्याच्या तलावाची एक अख्खी बाजू. त्या बाजूला काठ असा नव्हताच. भिंत थेट तलावात उतरत होती. खाली गडद निळ्या टाइल, टाइलांची कड संपली की पांढरा गिलावा, आणि त्या कडेवर बसलेली सात अर्धी वर्तुळं. मधलं सगळ्यांत मोठं, माणसाहून उंच. दोन्हीकडे तीन-तीन, टोकाकडे लहान होत गेलेली. डावीकडे तांबडा, नारिंगी, पिवळा. उजवीकडे निळा, हिरवा, जांभळा. मधल्यात सगळे रंग एकात एक कड्यांनी बसवलेले. प्रत्येक वर्तुळाच्या मधोमध एक उभी रेघ खालपर्यंत आलेली.

अर्धीच का, हे ज्याने त्याने विचारलं होतं. भिंगरीचं उत्तर ठरलेलं होतं. “उरलेली पाणी काढणार आहे.”

वहिनीला ते पहिल्या दिवशीच समजलं होतं. तिचं कोट शिवायचं दुकान होतं. कोटाची पाठ कापताना कापड दुमडायचं, अर्धीच आकृती कापायची आणि घडी उलगडली की दुसरी बाजू आपोआप मिळते. या भिंतीला घडी पाण्याशी होती. म्हणून तर भिंगरीने वर्तुळांचे कागदी साचे वहिनीकडून कापून घेतले. तिच्याच कटिंगच्या टेबलावर, तिच्याच मोठ्या कात्रीने. महिनाभर दुकानात कोटांना जागा नव्हती.

लग्न होऊन वहिनी या घरात आली तेव्हा भिंगरी झाडं काढायची. चांगली, ओळखू येणारी झाडं. मग झाडांची पानं विस्कटली, फांद्या वितळल्या आणि नुसता रंगांचा धुरळा उरला. लोकांना तो आवडू लागला. चित्रं विकली जाऊ लागली, नाव झालं, आणि ही मात्र दर वर्षी अधिकच चिडचिडी. सासूबाई गेल्या त्या वर्षी तर तिने सगळं राखाडीच काढलं. पुढच्या वर्षी एका दुपारी ती दुकानात आली ती कपड्यांवर ओढायची पांढरी खडूची वडी आणि लांब पट्टी मागायला. मोठ्या कापडावर तिने एक आडवी रेघ ओढली. वर तांबडा, खाली निळा. बस्स. त्या एका चित्रासमोर महिना काढला तिने. “वहिनी, किती गर्दी होती गं माझ्या चित्रांत,” ती म्हणाली होती. “मला वाटायचं मी मोकळी आहे. मी तर नुसती पळत होते.” मग चौकोन आले, चौकोनातून वर्तुळं आली. कपाट आवरायला काढल्यासारखी ती एकेक वस्तू बाहेर टाकत गेली, आणि जे उरलं ते असं झळझळत होतं की वहिनीला कधीकधी त्याची भीती वाटे. आधीची चित्रं विकत घेणारे मात्र हळूहळू पांगले.

आणि म्हणूनच दादांचा जीव थाऱ्यावर नव्हता. दादा भिंगरीचा थोरला भाऊ, वहिनीचा नवरा, रंगांच्या दुकानाचा मालक. परवा उद्घाटन. शहरातली झाडून सगळी मोठी माणसं येणार. आज संध्याकाळी सहाला परांची उतरवून पाणी सोडायचं, ते उद्या दुपारपर्यंत काठाला लागणार. आणि गाडीच्या मागच्या भागात, ताडपत्रीखाली, पांढऱ्या रंगाचे बारा डबे होते. सहापर्यंत काम नीट दिसलं नाही तर भिंत सरसकट पांढरी करून टाकायची, असं दादांनी तलावाच्या व्यवस्थापकाशी परस्पर बोलून ठेवलं होतं. भिंगरीला त्याचा पत्ता नव्हता. वहिनीला दोन दिवसांपासून होता.

“अहो, सांगून टाका तिला,” तिने आज सकाळीही म्हटलं होतं.

“वेळ आली तर सांगेन. तुला आठवत नाही का, ती दोन वर्षं कशी होती? पुन्हा तसं हसं झालेलं मला बघवणार नाही. अर्धी वर्तुळं म्हणे! लोक म्हणतील, बाईला पूर्ण करायला वेळ मिळाला नाही.”

दहाच्या सुमाराला आप्पांना ऊन लागू लागलं. वहिनीने खुर्ची फिरवायला मदत केली, आणि त्यामुळे आप्पांचं तोंड आपसूकच भिंतीकडे झालं. तिने मुद्दाम काही म्हटलं नाही. आप्पांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने एक उघडला. मग दुसरा.

“सूनबाई,” ते हळूच म्हणाले, “ती खालची रेघ चढती आहे.”

“कुठली, आप्पा?”

“ज्यावर ती अर्धुकं बसवली आहेत, ती. मध्यापासून उजवीकडे चढलीय.”

वरून भिंगरीने ऐकलं. परांचीवर तिचे पाय थबकले. “ती टाइलांची कड आहे, आप्पा. कंत्राटदाराने मशीन लावून मोजलीय. पाणी बरोब्बर तिथपर्यंत येणार.”

“मशीनने मोजली असेल. लावली माणसांनी.”

“तुम्ही बघणार नव्हतात ना?”

“बघत नाहीच आहे. दिसतंय.”

दादा मध्ये पडले. “आप्पा, आता शेवटच्या दिवशी कशाला? तिला काम करू द्या.”

“मग करू दे. मला काय!” आप्पांनी मान वळवली. पण हाताची बोटं खुर्चीच्या दांड्यावर वाजवत राहिले, आणि ती सवय वहिनीला माहीत होती. वीतभर जमिनीसाठी दोन भाऊ भांडत असले की आप्पा असेच बोटं वाजवत बसत आणि मग उठून मोजणीची साखळी टाकत.

वहिनीने विचार केला नाही. “अहो, गाडीत पारदर्शक नळी आहे ना? लांबवाली?”

“तुला कशाला हवीय?”

“मला नाही. आप्पांना.”

नळीची पाणसळ लावून पाण्याची पातळी बघायला अर्धा तास गेला. नळीत पाणी भरलं, एक टोक डाव्या रंगाऱ्याच्या हातात, दुसरं उजव्याच्या. आप्पा खुर्चीतून उठून मध्ये उभे राहिले. “थांबा. नळीत बुडबुडा आहे. बुडबुडा असला की पाणसळ खोटं बोलते. झटका. अजून. हां. आता डावीकडे कडेला टेकवा.”

डावीकडे पाणी कडेला अचूक टेकलं. मधल्या वर्तुळापाशीही. तिथून पुढे प्रत्येक पावलाला कड पाण्याच्या वर सरकत गेली, आणि शेवटच्या जांभळ्या वर्तुळापाशी रंगाऱ्याने बोटं लावून मोजलं. चार बोटं.

“दोन टोळ्यांनी टाइल लावल्यात,” आप्पा म्हणाले. “पहिली शहाणी होती.”

भिंगरी परांचीवरून उतरली, उजव्या टोकाशी गेली, नळीतल्या पाण्याकडे आणि कडेकडे आळीपाळीने बघू लागली.

“चार बोटं म्हणजे काय फार नाही गं,” दादा समजावू लागले. “लांबून कोणाला—”

“आठ,” भिंगरी म्हणाली. “चार वर आणि चार पाण्यात. पाणी चूक दुप्पट करून दाखवतं, दादा. वर्तुळं मिटून पुरी होणारच नाहीत. फाटलेली दिसतील. आणि उभ्या रेघा पाण्याशी मोडतील.” मग ती एकदम आप्पांवर उसळली. “झालं समाधान? सापडली ना चूक? आयुष्यभर हेच म्हणायचं होतं ना तुम्हाला, की हिला काही येत नाही?”

पण आप्पा चिडले नाहीत. काठी टेकत ते तिच्यापर्यंत चालत गेले.

“ऐक. तुझ्या त्या आधीच्या चित्रांत मला बोट ठेवायला जागाच मिळायची नाही. बरोबर काय, चूक काय, कशावरून ठरवायचं? मला कळायचं नाही आणि कळत नाही हे म्हणायची लाज वाटायची. म्हणून निघून गेलो त्या दिवशी.” त्यांनी काठीचं टोक कडेकडे केलं. “हे चुकलंय असं म्हणता येण्यासारखं तू पहिल्यांदाच काढलंस. याचा अर्थ कळतो का तुला? हे बरोबरही येऊ शकतं.”

भिंगरी त्यांच्याकडे बघत राहिली. मग नाकाला रंग लावून घेत तिने डोळे पुसले.

“किती वाजले?” तिने विचारलं.

“अकराला पाच कमी,” वहिनी म्हणाली.

“सात तास. तीन वर्तुळं खाली आणायची. वहिनी, साचे आहेत?”

“गाडीत आहेत. टाकेन कशी मी?”

“पण खाली आणायची म्हणजे बुडाचा भाग टाइलवर येणार, आणि टाइलवर हा रंग धरत नाही. पाण्यात तर सोलूनच निघेल.” ती भावाकडे वळली. “दादा?”

दादा घाम पुसत होते. वहिनीला नवऱ्याच्या चेहऱ्यावर दोन गोष्टी एकाच वेळी दिसल्या. एक, इथेच थांबवावं सगळं, आयतं कारण मिळालंय. आणि दुसरी, रंगवाल्याला न राहवणारी. धरत नाही म्हणजे काय? दुसरी जिंकली.

“होड्यांना लावतात तो दोन डब्यांचा रंग धरेल,” ते म्हणाले. “एकात दुसरा मिसळायचा की काचेलाही चिकटतो. उद्या दुपारपर्यंत पाणी तिथं पोचायचं नाही, तोवर दगड होईल त्याचा. पण तुझे हेच रंग मला त्यात जुळवावे लागतील. निळा जुळेल. हिरवा जुळेल. जांभळ्याचं मी सांगत नाही.”

“मग इथं काय उभा आहेस?”

वहिनीने साचे उतरवून घेतले आणि दादा गेले ते गाडी उडवतच. आणि मग जे सुरू झालं त्याला वहिनी पुढे कितीतरी दिवस “आमची लढाई” म्हणायची. आप्पा तळाशी उभे राहून पाणसळीवरून खुणा करायला सांगत. रंगारी दोरी ओढत. दोरीच्या खुणेवर वहिनी साचा धरून उभी राही, तोंडात टाचण्या असाव्यात तशी कडेला लावायच्या चिकटपट्टीचे तुकडे ओठांत धरून. भिंगरी कड मारत जाई. कोणाला कोणाची भीड राहिली नव्हती.

“सूनबाई, साचा डावीकडे कलतोय.”

“कलत नाही, आप्पा. माझं आयुष्य गेलंय पाठी सरळ कापण्यात.”

“एक केसभर कलतोय.”

ओळंबा लावला. एक केसभर कलतच होता. “बरं बाई,” वहिनी म्हणाली, आणि भिंगरी इतक्या मोठ्याने हसली की रिकाम्या तलावात ते हसू चारी भिंतींना आपटून परत आलं. वहिनीने नणंदेला असं हसताना कधी ऐकलं होतं ते तिला आठवेना.

अडीचला दादा परतले, शर्टावर सहा रंगांचे ओघळ. निळा पहिल्याच फटकाऱ्याला जुळला. हिरव्याला दोन थेंब पिवळा लागला. जांभळा तीनदा फसला. चौथ्या वेळी भिंगरी डबा हातात घेऊन उन्हात गेली, सावलीत आली, पुन्हा उन्हात गेली आणि म्हणाली, “दादा, हा माझ्या जांभळ्यापेक्षा चांगला आहे. सगळं वर्तुळच याने काढते.” दादा नुसतेच हसले, कानापर्यंत लाल होऊन.

चार वाजता व्यवस्थापक काठावर येऊन उभा राहिला. त्याने खाली बघितलं. वर्तुळं खाली सरकली होती, पण जुन्या वर्तुळांच्या वरच्या कडा चंद्रकोरीसारख्या तशाच उरल्या होत्या. उजवी बाजू एखाद्या फसलेल्या छपाईसारखी दिसत होती.

“साहेब,” तो दादांना म्हणाला, “मग ते पांढरे डबे उतरवून घेऊ ना? बाराच्या बारा? माझी माणसं तयार आहेत.”

रोलरचा आवाज थांबला.

“कसले पांढरे डबे?” भिंगरीने विचारलं.

दादांनी मान खाली घातली. व्यवस्थापकाला काही उमगेना. “नाही, म्हणजे आपलं ठरलं होतं ना, काम बसलं नाही तर भिंत सरळ पांढरी...”

वहिनीला वाटलं, संपलं. आता ही ब्रश खाली ठेवणार आणि निघून जाणार. ती पुढे झाली. “भिंगरी, मलाही माहीत होतं. दोन दिवस. माझीच चूक आहे, मी सांगायला हवं होतं.”

भिंगरी आधी भावाकडे बघत राहिली, मग वहिनीकडे.

“का रे, दादा?”

“तुला कोणी हसलेलं मला चालणार नाही,” दादा म्हणाले. “दुसरं काही नाही.”

“मी पंचावन्न वर्षांची आहे. हसू देत ना! मी काय मोडते आता?” तिचे डोळे भरले होते, पण पाऊल मागे गेलं नाही. तिने त्या उरलेल्या चंद्रकोरींकडे बघितलं. “बारा डबे पांढरा?”

“बारा.”

“चांगल्यातला आहे?”

“दुकानातला सगळ्यात चांगला,” दादा पडल्या आवाजात म्हणाले.

“मग आण की! या कडा झाकायला मला पांढरा हवाच होता, मघापासून त्याचाच विचार करतेय. आणि बघ हं, मला कळलंय, मी विसरणार नाहीये. यावर आपण भांडणार आहोत. पण परवा.”

पावणेसहाला शेवटची चिकटपट्टी निघाली. सहाला परांची उतरली. आप्पांना दोघांनी धरून शिडीवरून वर आणलं, आणि वर आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती व्यवस्थापकाला बजावण्याची. “पाणी हळू सोडा. घाई नाही.”

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे समोरच्या काठावर उभे होते. दोन्ही दुकानांना कुलूप, कोटांचं गिऱ्हाईक उद्यावर ढकललेलं. पाणी कडेपासून वीतभर खाली होतं, मग बोटभर. नळातून धार येत होती तोवर काहीच दिसत नव्हतं. नुसते रंगांचे तुकडे पाण्यावर नाचत होते. भिंगरी काठावरून येरझारा घालत होती. “बंद करा आता. करा ना बंद!” व्यवस्थापकाने नळ बंद केला.

पाणी हलत राहिलं. मग कमी हललं. तुकडे एकमेकांना शोधू लागले, लांबट झाले, वाकले. डावीकडून सुरुवात झाली. तांबडं मिटलं. नारिंगी. पिवळं. मधलं मोठं वर्तुळ थरथरत होतं, ते एकाएकी कड्याकड्यांनी पूर्ण झालं आणि दादांच्या तोंडून नुसताच श्वास बाहेर पडला. निळं मिटलं. हिरवं. वहिनीने आप्पांचं मनगट कधी धरलं तिला कळलं नाही. जांभळं शेवटी आलं, वर आणि खाली, मध्ये शिवणसुद्धा दिसेना. उभी रेघ पाण्यातून सरळ खाली गेली होती. सात वर्तुळं. सगळा तलाव एकदम उजळल्यासारखा झाला.

व्यवस्थापकाने टोपी काढली. 

“मिटली,” भिंगरी म्हणाली. “वहिनी, मिटली गं सगळी!” आणि कोणाला काही समजायच्या आत तिने चपला भिरकावल्या, धावली आणि अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात उडी मारली.

“अहो बाई! अजून उद्घाटन व्हायचंय!” व्यवस्थापक ओरडला.

पाणी उसळलं. सातही वर्तुळं फुटली, रंग रंगांत शिरले, तांबडं निळ्यावर सांडलं, वितळल्या फांद्यांसारखे पट्टे सगळ्या तलावभर पसरले, आणि वहिनीने ते ओळखलं. हे तिने बघितलं होतं. वीस वर्षं घराच्या भिंतींवर बघितलं होतं. तोच धुरळा, तेच वादळ. भिंगरी मधोमध तोंड वर करून तरंगत होती, आणि तिच्याभोवती तिची जुनी चित्रं एकामागून एक येऊन जात होती. मग पाणी शांत होत गेलं. पट्टे सावरले, वाकले, एकेक वर्तुळ आपापल्या जागी येऊन बसलं.

आप्पा कठड्याला धरून पुढे झुकले होते. वहिनी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती; ओठ पुटपुटल्यासारखे हलत होते, जणू काही मोजत होते आणि मोजता मोजता आकडा चुकत होता.

“भिंगरी,” त्यांनी हाक मारली.

ती पोहत काठाशी आली. केस कपाळाला चिकटलेले, श्वास लागलेला. “काय, आप्पा? परत चढती आहे का रेघ?”

“रेघ सरळ आहे,” आप्पा म्हणाले. “तू बाहेर ये आणि पुन्हा उडी मार. मघाचं ते मधलं, सगळं विस्कटलेलं असतं ते, मला नीट बघायचं राहून गेलंय.”